दोरी आखूड, नजर लांब

माघ सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर वसंताची चाहूल प्रथम झाडांना लागते. काटेसावरीची पाने गळालेली असतात आणि उघड्या फांद्यांवर लाल फुलांचे पेले उमलू लागतात. मागोमाग पांगारा फुलतो. सकाळी सातच्या सुमारास अशा एखाद्या झाडाखाली उभे राहिले तर मैना, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर यांची नुसती झुंबड दिसते. इकडे वाड्यांमध्ये ही लगबग असताना तिकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर मात्र निरोपाची तयारी चाललेली असते. हिवाळ्यासाठी आलेले पाहुणे पक्षी परतीच्या प्रवासासाठी पोट भरून घेत असतात. थंडी ओसरलेली आणि उकाडा अजून दूर असे हे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे सहा आठवडे. वयोवृद्धांनी सकाळी घराबाहेर पडावे असा याहून सुखद काळ कोकणात वर्षभरात दुसरा नसेल.

माझे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, आज एकोणऐंशी वर्षांचे आहेत. अलिबागजवळ नागावला आमची लहानशी नारळ-पोफळीची वाडी आहे. आई गेल्यानंतर अण्णांनी सकाळचा फेरफटका जवळजवळ सोडूनच दिला होता. मोती नावाचे गावठी कुत्रे घरात आले आणि त्याच्या निमित्ताने त्यांचे चालणे पुन्हा सुरू झाले. माणसाला आपले बहाणे सांगता येतात, कुत्र्याला ते पटत नाहीत. साडेसहा वाजले की मोती दाराशी उभा राही आणि अण्णांना चप्पल घालावीच लागे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका सकाळी ते किनाऱ्यावर गेले. ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांचा थवा टिपत होता. मोतीने झेप घेतली. दोरीचे दोन वेढे अण्णांच्या मनगटाला होते. ते तोंडावर पडले आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले, परंतु खरे नुकसान त्यानंतर झाले. आम्ही भावंडांनी एकमुखाने ठरवून टाकले की अण्णांनी आता बाहेर जायचे नाही. पावसाळा येईपर्यंत ओटीच्या तीन पायऱ्या चढतानाही त्यांना कठडा धरावा लागू लागला. जेवणावरची वासना उडाली. बोलणेही कमी झाले. आमच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितले की हाड सांधले आहे, पण पायांतील बळ बसून राहिल्याने गेले आहे, आणि असे पाय घरातल्या घरातही माणसाला पाडू शकतात.

भीती दोन्हीकडची

पडण्याची भीती खोटी नव्हे. अमेरिकेत २००४ ते २०१७ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोरीला बांधलेले कुत्रे फिरवताना हाड मोडलेल्या पासष्ट वर्षांवरील व्यक्तींची संख्या त्या अवधीत दुपटीहून अधिक वाढल्याचे आढळले. त्यांत सुमारे चार-पंचमांश स्त्रिया होत्या आणि सर्वांत अधिक वेळा मोडले होते ते खुब्याचे हाड. उतारवयात खुबा मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वृद्धांनीही आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल व स्नायूंचे बळ टिकवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. म्हणजे प्रश्न बाहेर जावे की न जावे हा नाहीच. कसे जावे, एवढाच आहे.

आम्ही हा प्रश्न सोडवला तो थोडा डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बराचसा पक्ष्यांच्या मदतीने. दिवाळीनंतर अण्णांनी वाडीतल्या वाडीत चालण्यास आरंभ केला. पुढच्या माघात ते पुन्हा रस्त्यावर आले. मात्र या वेळी काही नियम घालूनच.

दोरी कोणाच्या हाती?

पहिला नियम असा की मोतीची दोरी माझ्या हाती आणि अण्णांच्या हाती काठी. घरात दुसरे धडधाकट माणूस असेल तर कुत्रे त्याच्याकडेच द्यावे. ज्यांना एकट्यानेच कुत्रे न्यावे लागते त्यांनी पुढील गोष्टी अवश्य पाळाव्यात.

दोरी मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नये. ती तळहातात अशी धरावी की जोराचा हिसका बसला तर सुटून जाईल. कुत्रे पुन्हा सापडते, खुबा पूर्ववत होत नाही. दोरी चार-पाच फुटांची, साधी असावी. लांबत जाणारी गुंडाळीची दोरी टाळावी, कारण कुत्रे धावत सुटले की टोकाशी बसणारा झटका फार मोठा असतो. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा वापरावा. कुत्रे नेहमी एकाच बाजूस चालवण्याची सवय लावावी, म्हणजे ते पायांत येत नाही. फार तरुण, फार बलदंड किंवा अजून शिस्त न लागलेले कुत्रे वृद्धांच्या हाती देऊच नये.

पायांत घसरणार नाहीत असे, टाचेला धरून ठेवणारे बूट असावेत. सैल चपला वाळूत घात करतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात. रक्तदाबाच्या औषधांमुळे सकाळी उठताच चक्कर येत असेल तर अंथरुणावरच दोन मिनिटे बसून मग उभे राहावे आणि उजाडल्यानंतरच बाहेर पडावे.

पाहायचे तर थांबायचे

दुसरा नियम अण्णांनी स्वतः केला. पाहायचे तर थांबायचे आणि चालायचे तर वर पाहायचे नाही. झाडाच्या शेंड्यावर कोण बसले आहे हे चालता चालता पाहणे म्हणजे ठेचकाळण्यास आमंत्रणच. शिवाय मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांना मान फार वेळ मागे टाकली की भोवळ येते. म्हणून आम्ही थांबतो, अण्णा काठी दोन्ही हातांनी धरतात किंवा गडग्याला टेकतात आणि मग वर पाहतात. झाडाच्या थेट खाली उभे राहण्यापेक्षा वीस-पंचवीस पावले दूर उभे राहिले तर मान कमी वळवावी लागते आणि पक्षीही बुजत नाहीत.

या थांबण्यात एक आणखी लाभ आहे. व्यायाम म्हणून चाललेला अर्धा तास वृद्ध माणसाला डोंगराएवढा वाटतो. तोच अर्धा तास पाच-सहा थांब्यांत विभागला गेला की दम लागत नाही आणि अंतर मात्र तेवढेच कापले जाते. आमचे थांबे ठरलेले आहेत. पहिला थांबा फाटकाबाहेरील काटेसावरीचा. दुसरा विहिरीजवळचा, जेथे दयाळ पक्षी आता उंच टोकावर बसून गाऊ लागला आहे. हिवाळाभर जवळजवळ मूक असणारा हा काळा-पांढरा गवई ऊन तापू लागले की कंठ मोकळा करतो. तिसरा थांबा विजेच्या तारांचा. तेथे वेडे राघू रांगेने बसतात आणि एखादा खंड्या दिसतो. चौथा थांबा सुरूच्या बनाशी, जेथून समुद्र दिसतो.

दुर्बीण घ्यावयाची झाल्यास आठपट मोठे दाखवणारी आणि वजनाने हलकी घ्यावी. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो आणि पक्षी स्थिर दिसत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी दुर्बिणीच्या डोळ्यांकडील रबरी कडा खाली दुमडाव्यात. मानेवर भार नको असेल तर खांद्यांवरून जाणारे पट्टे मिळतात. आणि दुर्बीण नसली तरी काही अडत नाही. अण्णा पहिला महिनाभर नुसत्या डोळ्यांनीच पाहत होते.

पक्षी पाहण्याने मनाला बरे वाटते हा केवळ हौशी लोकांचा समज नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे तेराशे लोकांनी आपल्या मनःस्थितीच्या नोंदी भ्रमणध्वनीवर दिवसभरात वेळोवेळी केल्या होत्या. पक्षी दिसल्यास किंवा ऐकू आल्यास मन प्रसन्न असल्याची नोंद होई आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकत असल्याचे आढळले. नैराश्याने ग्रासलेल्यांतही तो दिसला. हे औषध नव्हे, चालू असलेल्या औषधाला पर्याय तर मुळीच नव्हे. पण सकाळी सातला पाहिलेला हळद्या दुपारी तीनपर्यंत सोबत करीत असेल, तर ते थोडे नाही.

ऐकू न येणारा पक्षी

एके सकाळी फुलटोच्याची टिकटिक अगदी डोक्यावर चालली होती. मी बोट दाखवीत होते आणि अण्णा म्हणत होते, “कुठे गं? मला तर काहीच ऐकू येत नाही.” त्याच झाडावरील तांबटाचा ठोका आणि दूरवरच्या भारद्वाजाचा घुमारा मात्र त्यांना स्पष्ट ऐकू येत होता.

वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे स्वर हरपतात. तांबट, भारद्वाज, पारवा यांचे आवाज खालच्या पट्टीतले, म्हणून ते उरतात. फुलटोच्या, शिंजीर, चष्मेवाला यांचे बारीक आवाज आधी जातात. बोलण्यातील ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे वर्ण ओळखण्यासही हेच उंच स्वर लागतात. म्हणूनच असे वृद्ध म्हणतात की ऐकू येते, पण काय बोलतात ते कळत नाही. घरचे लोक त्याचा अर्थ विसराळूपणा किंवा दुर्लक्ष असा लावतात. आम्हीही तोच लावला होता. अण्णा कमी बोलू लागले होते त्याचे एक कारण हेही होते. त्यानंतर आम्ही त्यांच्या कानांची रीतसर तपासणी करून घेतली आणि आता त्यांच्याकडे श्रवणयंत्र आहे.

वाचकांनी घरातील ज्येष्ठांबरोबर हा साधा प्रयोग करून पाहावा. आपल्याला ऐकू येणारा बारीक आवाजाचा पक्षी त्यांना ऐकू येत नसेल, तर रागावू नये, चेष्टा करू नये. कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.

किनारा त्यांचाही आहे

आता पुन्हा त्या अपघाताकडे. अण्णा पडले याचा दोष आम्ही मोतीला दिला, वाळूला दिला. चिखल्यांचा विचार त्या दिवशी कोणी केला नाही.

चिखल्या हा मूठभर आकाराचा, वजनाने शंभर ग्रॅमच्या आतला पक्षी. आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढून तो मार्च-एप्रिलच्या सुमारास हिमालयापलीकडील उंच पठारांकडे निघतो. तेवढ्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवावी लागते आणि ती साठवण्याची जागा म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू. भरती आली की ताट उचलले जाते. या मोजक्या तासांत एकदा कुत्र्याने थवा उठवला की खाणे थांबते आणि कमावलेले बळ उडण्यात खर्च होते. सकाळभरात पाच-सहा कुत्र्यांनी हेच केले तर त्या चिमुकल्या जिवाची शिदोरी अपुरी पडते. आमच्या अण्णांना घरी डांबून आम्ही जे केले, तेच मोती पक्ष्यांचे ताट ओढून करीत होता. दोन्हींत दुर्बळाचे बळ जात होते.

कुत्रे दोरीला बांधले म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. सिडनीजवळील रानांत केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोरीने बांधलेली कुत्री जेथून नेली गेली तेथे पक्ष्यांच्या जातींची संख्या ३५ टक्क्यांनी व एकूण पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून कुत्र्यासह कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हे ठरवावेच लागते.

आम्ही असे ठरवले आहे. वाडीचे रस्ते, गावातील पाखाडी आणि सुरूच्या बनाची कड मोतीसह. ओल्या वाळूचा पट्टा, खाडीचे मुख आणि दलदलीची जागा मोतीविना. माळरानावर मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तेथेही मोती नाही. फणसाड आणि कर्नाळा या अभयारण्यांत पाळीव कुत्रे न्यावयाचे नसतेच. दक्षिणेकडे दिवेआगर-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. ती उकरणाऱ्या शत्रूंत कुत्रे अग्रभागी, हेही तेथे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आठवड्यातून एक दिवस मोतीला घरी ठेवून आम्ही शेजारच्या अक्षीच्या किनाऱ्यावर जातो. कधी जावे हे अण्णा पंचांग पाहून सांगतात. कोकणातील जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. भरतीच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळी वाळू उघडी मिळते. हिशेब ढोबळ आहे, म्हणून खडकांवर जाणाऱ्याने छापील वेळापत्रकच पाहावे.

अक्षीला आम्ही सुरूच्या सावलीत घडीच्या खुर्च्या टाकून बसतो. अशक्त दृष्टीलाही दिसतील असे पक्षी येथे आहेत. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, लाल चोचीचा कालवफोड्या दुरूनही ओळखता येतो. तपकिरी डोक्याच्या कुरवांचे डोके हिवाळाभर पांढरेच असते, मार्चच्या सुमारास त्यावर तपकिरी टोपी चढू लागते. चिखल्यांच्या राखी छातीवर तांबूस रंग उमटू लागतो. हे रंग म्हणजे निघण्याची वेळ जवळ आल्याची खूण.

बसून पाहण्यात काही कमीपणा नाही. अलिबागच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरवर किहीम आहे. नोकरी नसलेल्या काळात, १९३० साली, डॉ. सलीम अली तेथे राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे धीराने पाहत बसले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते आणि ती नांदू लागली की तो दुसरे विणावयास घेतो, हे त्यांनी तेथेच नोंदवले. नव्वदीपर्यंत त्यांचा हा छंद सुटला नाही. मराठीत पक्ष्यांची नावे गोळा करून ‘पक्षीकोश’ सिद्ध करणारे मारुती चितमपल्ली ब्याण्णव वर्षे जगले. त्यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो.

काळजी घेणाऱ्यांसाठी

धनेश पक्ष्याची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. विष्ठा आणि मातीने तोंड लिंपले जाते, चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. नर तिला आठवडे आठवडे फळे आणून भरवतो. आपण कौतुकाने म्हणतो, केवढी ही माया! पण ती भिंत योग्य वेळी फोडली जाते हेही तितकेच महत्त्वाचे. आम्ही अण्णांना कोंडले ते मायेनेच. ती भिंत फोडावयास आम्हाला आठ-नऊ महिने लागले.

म्हणून परिचारकांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्येष्ठ माणूस पडल्यावर पहिला प्रश्न ‘आता बाहेर सोडायचे का?’ हा नसावा. ‘कोणाबरोबर, कोणत्या रस्त्याने, किती वेळ?’ हा असावा. डॉक्टरांकडून तोलाचे व्यायाम शिकून घ्यावेत. दृष्टी, श्रवण आणि औषधांची यादी वर्षातून एकदा तपासून घ्यावी. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर द्यावी आणि फिरून आल्यावर त्याच्या अंगावर गोचीड नाहीत ना हे पाहावे. वाटेत भटक्या कुत्र्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आणि एक वही ठेवावी. तारीख, वेळ, दिसलेले पक्षी. अण्णांच्या वहीत सुरुवातीला पाच-सहा नावे होती, आता पानभर असतात. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची जागतिक पक्षीगणना होते. २०१३ पासून भारतही तीत सहभागी आहे. किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहून पक्षी मोजावयाचे, एवढेच तिचे मागणे. खुर्चीत बसलेल्या, खिडकीशी बसलेल्या माणसालाही ते शक्य आहे. यंदा अण्णांनी ओटीवर बसून मोजले आणि मी त्यांची यादी भ्रमणध्वनीवरून पाठवली. आपली नोंद कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे, ही जाणीव त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी दिसली.

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अक्षीला गेलो तेव्हा वाळू जवळजवळ रिकामी होती. अण्णांनी वहीत लिहिले, ‘चिखल्या – नाहीत. गेले असावेत.’ मग काठी टेकून उठले आणि म्हणाले, “चला, मोती वाट पाहत असेल.”